हिमवादळाचे भित्तिपत्रक

शाळकरी मुलांनी काढलेल्या भित्तिपत्रकांकडे आपण डॉक्टर मंडळी कौतुकाच्या नजरेने पाहतो, तपासणीच्या नजरेने पाहत नाही. बक्षीस समारंभाचे निमंत्रण येते, आपण जातो, रंगसंगतीची वाखाणणी करतो, दोन शब्द बोलतो आणि चहा घेऊन दवाखान्यात परततो. भित्तिपत्रकावर लिहिलेला मजकूर खरा की खोटा, हा प्रश्न त्या सभागृहात कोणीही विचारत नाही. माझे म्हणणे असे की, ज्या कागदावर ‘असे करा, असे करू नका’ असे लिहिलेले असते तो कागद औषधाच्या चिठ्ठीच्या जातीचा आहे, मग त्यावर कितीही फुले काढलेली असोत. आणि चिठ्ठी वाचून पाहिल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये.

हे म्हणणे पक्के होण्यास एक स्पर्धा कारणीभूत झाली. पावसाळ्याच्या तोंडावर सुरतेतील एका शाळेने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘नैसर्गिक आपत्ती आणि सुरक्षितता’ या विषयावर भित्तिपत्रक स्पर्धा ठेवली होती. परीक्षक तिघे: एक चित्रकला शिक्षक, एक निवृत्त बँक अधिकारी आणि प्रस्तुत लेखक. भिंतीवर तीसेक भित्तिपत्रके टांगलेली होती आणि त्यांतील सहा चक्क हिमवादळावर होती! निळसर आकाश, छपरापर्यंत बर्फात बुडालेले घर, धुराड्यातून निघणारा धूर, गळ्यात लाल मफलर घातलेला हिममानव, आणि खाली ठळक अक्षरांत सूचना. बँकेतील गृहस्थ हसून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, सुरतेत बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर. त्यापासून कोणती सुरक्षितता हवी?” मी म्हणालो, “घशाची.” सारेच हसले. पुढे एका सातवीतल्या मुलाला, हाच विषय का घेतलास असे विचारले, तेव्हा त्याने अगदी प्रांजळ उत्तर दिले: “सर, इंटरनेटवर याचीच चित्रे चांगली मिळतात.”

ही सहा भित्तिपत्रके ‘विषयाला सोडून’ म्हणून बाजूला काढावीत, असे माझ्या दोन्ही सहकाऱ्यांचे मत पडले. मी ती वाचून पाहिली आणि चकित झालो. वैद्यकीयदृष्ट्या त्यांतील जवळजवळ प्रत्येक वाक्य बरोबर होते.

हिमवादळ म्हणजे नुसता पुष्कळ बर्फ पडणे नव्हे. अमेरिकेच्या हवामान खात्याची व्याख्या नेमकी आहे: ताशी ५६ किलोमीटर किंवा अधिक वेगाचे वारे, चारशे मीटरच्या पलीकडचे काही न दिसणे, आणि ही स्थिती किमान तीन तास टिकणे. आधी पडलेला बर्फ वाऱ्याने उडू लागला तरी हिमवादळ होते. एका मुलीने हे तिन्ही आकडे जसेच्या तसे लिहिले होते. दुसऱ्या एका भित्तिपत्रकावर होते, ‘मोटार बर्फात अडकली तर मोटारीतच थांबा, पण इंजिन चालू ठेवण्याआधी मागची नळी बर्फाने बुजलेली नाही ना ते पाहा.’ हे वाक्य लिहिणाऱ्या मुलाला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. पण त्याने जे लिहिले त्याने जीव वाचतो. ‘जनरेटर घरात चालवू नका’, ‘ओले कपडे ताबडतोब बदला’, ‘हिमदंश झालेला भाग चोळू नका, कोमट पाण्यात धरा’ या सूचनाही होत्या. एकाने तर तान्ह्या बाळाला आईच्या उराशी कपड्यांच्या आत धरलेले दाखवले होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बोगोटा येथील डॉक्टरांनी जी ‘कांगारू’ पद्धत रुळवली आणि आज आपल्या नवजात शिशु विभागांत जी आपण मातांना शिकवतो, तीच ही.

या चित्रांच्या शेजारी पुरावरची भित्तिपत्रके होती, सात किंवा आठ. सुरतेच्या मुलांनी सुरतेच्या आपत्तीवर काढलेली. चित्रे जिवंत होती. तापीचे पाणी, पुलाच्या कमानी, गच्चीवर उभी माणसे, अन्नाची पाकिटे टाकणारे हेलिकॉप्टर. ही दृश्ये या मुलांनी पाहिलेली नाहीत, आईवडिलांकडून ऐकलेली आहेत, तरी त्यांत जीव होता. मजकूर मात्र वाचवत नव्हता. एका ठिकाणी सर्पदंशाच्या जागेवर ब्लेडने छेद देऊन वर दोरी करकचून आवळलेली. दुसऱ्या ठिकाणी पाण्यातून काढलेल्या मुलाला पाय धरून उलटे टांगलेले, आणि शेजारी लिहिलेले, ‘पोट दाबून पाणी काढा’. तिसरीकडे जुलाब झालेल्या बाळाचे खाणे-पिणे बंद ठेवण्याचा सल्ला. चौथ्यात मदत छावणीचे देखणे चित्र, त्यात स्वयंसेवक दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या वाटत आहेत. बहुतेकांच्या माथ्यावर ‘पाणी हेच जीवन’ अशा आशयाची घोषणा होती. पुराच्या चित्रावर!

म्हणजे जे संकट या मुलांवर सुरतेत कधीही येणार नाही त्याची माहिती अचूक, आणि जे दाराशी येऊन गेले आहे, पुन्हा येऊ शकते, त्याची माहिती जीवघेणी. मुलांना यात मी काडीचाही दोष देत नाही. त्यांनी जेथून मिळाले तेथून घेतले. बर्फाबद्दल त्यांना मिळाला तो मजकूर हवामानतज्ज्ञ आणि डॉक्टरांनी घासूनपुसून तयार केलेला होता. पुराबद्दल मिळाले ते चित्रपटांतून, शेजारपाजाऱ्यांकडून आणि ऐकीव गोष्टींतून.

तो बर्फाचा मजकूर तिकडे सहजासहजी तयार झालेला नाही. १२ जानेवारी १८८८ रोजी अमेरिकेच्या मध्य भागात, नेब्रास्का आणि डाकोटा प्रदेशात, सकाळी हवा अनपेक्षित उबदार होती. मुले जाड कोट न घालताच शाळेत गेली. दिवसा एकाएकी वादळ कोसळले. काही शिक्षकांनी मुलांना घरी सोडले, काहींनी वर्गातच थांबवले, काही ठिकाणी छप्परच उडाल्याने बाहेर पडण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. सुमारे २३५ माणसे दगावली, त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले पुष्कळ होती. म्हणून इतिहासात ते ‘शाळकरी मुलांचे हिमवादळ’ म्हणून ओळखले जाते. ‘मुलाला घरी सोडावे की वर्गात ठेवावे’ हा प्रश्न तेथे असा विचारला गेला. आणि इतके होऊनही डिसेंबर २०२२ मध्ये बफलो शहर आणि परिसरात हिमवादळाने चाळीसहून अधिक माणसे गेली. काही आपल्या मोटारीत, काही घरात, कारण रुग्णवाहिका त्यांच्यापर्यंत पोचू शकली नाही. आपल्यापैकी कित्येकांची मुले-मुली आज त्या देशात आहेत. लेकीच्या बाळंतपणासाठी ऐन जानेवारीत न्यू जर्सीला निघालेल्या आजीबाई माझ्याकडे लसीकरणाचा तक्ता विचारायला येतात. त्यांच्या पिशवीत मेथीचे लाडू असतात. बर्फात काय करायचे, याचा कागद नसतो. तेव्हा हिमवादळाचे भित्तिपत्रक सुरतेत अगदीच निरुपयोगी, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

पण तोच १८८८चा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. दुपारी शाळा सुटायच्या वेळी रस्ते पाण्याखाली होते. हजारो मुले त्या रात्री शाळांत, बसगाड्यांत, अनोळखी लोकांच्या घरांत राहिली. मोटारींच्या काचा बंद आणि दारे अडकलेली, अशा स्थितीत आत बसलेल्या काही जणांचा गुदमरून मृत्यू झाला. हिमवादळात ‘मोटारीतच थांबा’ हा सल्ला योग्य. पुरात पाणी चाकांच्या वर आले की काच खाली करून बाहेर पडणे योग्य. हिमवादळाच्या भित्तिपत्रकावरचे ते वाक्य आपल्या मुलाने पुरात पाळले तर? म्हणूनच मला त्या सहा भित्तिपत्रकांचे कौतुकही वाटते आणि धास्तीही.

आता सुरतेकडे. ऑगस्ट २००६ विसरणारा सुरतकर विरळा. उकाई धरणातून सोडलेले पाणी सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत गेले. होप पुलापाशी धोक्याची पातळी ९.५ मीटर, ८ ऑगस्टला पाणी १२.४० मीटरवर पोचले. शहराचा तीन-चतुर्थांश भाग जलमय झाला. ९ ऑगस्टला राखी पौर्णिमा होती. आपण त्या दिवशी बहिणीच्या काळजीत होतो, त्यामुळे पौर्णिमेचा दुसरा अर्थ फार थोड्यांच्या ध्यानात आला: पौर्णिमेच्या आगेमागे समुद्राला उधाण असते, आणि नदीच्या पाण्याला समुद्रात जायला वाट मिळत नाही. जुने सुरती लोक पुराला ‘रेल’ म्हणतात आणि ‘रेल केव्हा येणार’ हे आकाशाकडे नव्हे तर धरणाकडे पाहून सांगतात, त्यात शहाणपण आहे. तापीचा पूर येतो तो वर मध्य प्रदेशात आणि आपल्या खानदेशात पडलेल्या पावसाने. सुरतेत ऊन पडलेले असतानाही रेल येऊ शकते. भुसावळजवळ हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी गावाकडच्या नातेवाइकाच्या फोनवरून लिंबायतमध्ये येते, तेव्हा ते पाणी अजून उकाईतही पोचलेले नसते. सुरतेच्या मराठी कुटुंबाला लाभलेली ही सूचनायंत्रणा कोणत्याही सरकारी पत्रकात नाही. भित्तिपत्रकावर मात्र ती यायला हवी.

त्या पुरात मी पस्तिशीच्या आसपास होतो. अडाजणमध्ये तळमजल्यावरचा दवाखाना पाण्यात गेला, ते दुःख लहान. इमारतीच्या गच्चीवर पाच-सहा कुटुंबे जमली होती आणि त्यांत एक नऊ दिवसांचे बाळ होते. ऑगस्टचा महिना, अंगाला घाम येत होता. तरी बाळ ओलसर दुपट्यात तासन्‌तास राहिल्याने गार पडले होते. तान्ह्या मुलाचे वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे. शिवाय ते मोठ्यांसारखे कुडकुडून उष्णता निर्माण करू शकत नाही. नवजात बाळाचे तापमान साडेछत्तीस अंश सेल्सिअसच्या खाली गेले की आपण त्याला शीताघात म्हणतो, आणि त्याला बर्फाची गरज नसते. ओले कापड आणि वारा पुरतो. ओली वस्त्रे काढून बाळ आईच्या छातीशी लावले, वरून कोरडी साडी गुंडाळली आणि स्तनपान चालू ठेवले. तासाभरात ते तरतरीत झाले. हिमवादळाच्या भित्तिपत्रकावरील ते आई-बाळाचे चित्र मी इतका वेळ का पाहत राहिलो, याचे कारण हेच.

दुधाच्या पावडरीच्या डब्यांबद्दल येथे चार ओळी अधिक लिहिणे भाग आहे, कारण हा आपल्या बालरोगतज्ज्ञांचा खास विषय आणि समाजातील दानशूर मंडळींचा खास गैरसमज. आपत्ती आली की ‘बाळांसाठी दूध’ गोळा करण्याची लाट येते. पुरात उकळलेले पाणी नसते, बाटली धुवायला स्वच्छ पाणी नसते, इंधन नसते. अशा वेळी दिलेली बाटली म्हणजे जुलाबाला आवतण. आणि चार दिवस बाटली दिली की आईचे दूध कमी होते, मग पूर ओसरल्यावर डबा विकत घेण्याची ऐपत नसलेले कुटुंब ते पातळ करून पाजते. आपल्या देशात १९९२च्या कायद्याने अशा मोफत वाटपावर बंधन आहे, ते उगीच नव्हे. मदत करायची असेल तर बाळाच्या आईला आधी जेवण, आधी पाणी आणि आडोशाची जागा द्यावी. ज्या बाळाला आई नाही, त्याची व्यवस्था डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेगळी होईल.

बाकीच्या चुकाही सुधारता येण्याजोग्या आहेत. सर्पदंशात कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये; तो अवयव हलू न देता रुग्णाला धीर देऊन थेट रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर चालणारी प्रतिविषाची लस आपल्याकडे मिळते; वेळ जातो तो दोरी बांधण्यात आणि मांत्रिकात. बुडालेल्या मुलाला उलटे टांगून किंवा पोट दाबून मिळते ते बहुधा पोटातले पाणी, आणि तेच उलटून फुप्फुसात जाते. त्याला हवा असतो श्वास: आधी तोंडाने श्वास, मग छातीवर दाब. आणि लहान मुलाने दुसऱ्याला वाचवण्यासाठी पाण्यात उडी मारायचीच नाही. दोर, ओढणी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकायचा आणि ओरडायचे. जलसंजीवनीची पाकिटे निरनिराळ्या आकारांत मिळतात. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलेले मी दर पावसाळ्यात पाहतो. पुराच्या पाण्यात जखमी पायाने चालू नये हे तर दक्षिण गुजरातला सांगायला नको. लेप्टोस्पायरोसिस येथे दर पावसाळ्याचा पाहुणा आहे. तरीही एकाही भित्तिपत्रकावर त्याचे नाव नव्हते.

येथवर मजकुराचे झाले. परंतु हिमवादळाच्या भित्तिपत्रकात एक वाक्य असे होते की, जे तिकडे बरोबर असूनही येथे लागू पडत नाही. ते वाक्य होते, ‘घरातील मोठ्या माणसांना विचारा.’

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली जी हजारो कुटुंबे आहेत, त्यांच्या घरी दुपारी दोन वाजता मोठे माणूस कोण असते? वडील यंत्रमागावर, आई साड्यांच्या कामावर किंवा चार घरच्या धुणीभांड्यांवर. घरात असते ती अकरा वर्षांची थोरली बहीण, तिच्या कडेवर दीड वर्षाचे भावंड, आणि गॅसच्या शेगडीवर डाळ. या वस्त्यांत पूर येतो तो बहुधा तापीचा नसतो, खाडीचा असतो. धरणाची सूचना नाही, भोंगा नाही; जोरदार पाऊस पडला, खाडी भरली की काही तासांत पाणी घरात. जून २०२५ मध्ये असेच झाले. त्या मुलीने कोणाला विचारायचे? भित्तिपत्रक जर कोणासाठी असेल तर तिच्यासाठी आहे, आणि तिला घोषणा नको आहेत. तिला हवे आहे ते असे: पाणी उंबऱ्याला लागले की गॅसचा रेग्युलेटर बंद कर, हात आणि पाय कोरडे असतील तरच विजेचा मुख्य खटका बंद कर, नाहीतर हात लावू नकोस, भावंडाला घेऊन अमुक घराच्या गच्चीवर जा, तेथे अमुक मावशी आहेत, जाताना पिण्याच्या पाण्याचा कॅन आणि दोन कोरडे कपडे घे, दप्तर राहू दे. आईचा मोबाईल क्रमांक पाठ कर, कारण मोबाईल भिजतो. १०८, १०१, ११२. यांतील तीन शब्द, ‘दप्तर राहू दे’, मला फार महत्त्वाचे वाटतात. दप्तर आणायला परत फिरणारी मुले असतात.

‘अमुक घर’ आणि ‘अमुक मावशी’ हे कोणतेही संकेतस्थळ सांगणार नाही. म्हणून चांगले भित्तिपत्रक गल्लीगल्लीतून निराळे होणार. महापालिकेच्या शाळा मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा अनेक माध्यमांतून चालतात; हे या शहराचे भूषण आहे. पण आपत्तीच्या सूचना ज्या भाषेत मुलगी घाबरल्यावर ओरडते त्या भाषेत असाव्यात. आपल्या वस्त्यांत ती भाषा मराठी आहे, कित्येक घरांत अहिराणी.

यावर दोन आक्षेप मला तेथेच ऐकावे लागले. चित्रकला शिक्षक म्हणाले, “डॉक्टर, ही चित्रांची स्पर्धा आहे, परीक्षेचा पेपर नव्हे. मजकूर आपणच दिला तर मुलांच्या कल्पकतेचे काय?” आक्षेपात तथ्य आहे. पण कल्पकता रेषेत आणि रंगात दाखवावी, साप चावल्यावर काय करावे यात दाखवू नये. बँकेतील गृहस्थांचा आक्षेप असा की, असल्या गोष्टींनी मुले घाबरतील. माझा तीस वर्षांचा अनुभव उलट आहे. मुलाला इंजेक्शनची भीती वाटते ती ‘काही होणार नाही’ असे सांगितल्यावर. ‘टोचेल, दहापर्यंत मोज, मग संपेल’ असे सांगितले की ते दात ओठ खाऊन मोजते. २६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांबरोबर सुट्टीला आली होती. समुद्र फेसाळून विचित्र वागताना पाहून तिला दोन आठवड्यांपूर्वीचा भूगोलाचा तास आठवला आणि तिने ‘त्सुनामी येते आहे’ असा हट्ट धरला. किनारा रिकामा करण्यात आला. शंभराच्या आसपास माणसे वाचली असे मानतात. ती मुलगी घाबरली होतीच. पण काय पाहून घाबरायचे हे तिला ठाऊक होते.

मात्र केवळ कागदाने भागत नाही, हे सुरतेला कोणी सांगण्याची गरज नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला संकुलाला आग लागली. वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गातील मुले खिडक्यांतून उड्या टाकताना साऱ्या देशाने पाहिली. २२ जीव गेले, बहुतेक कोवळ्या वयाचे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. या दोन्ही ठिकाणी मुलांचा काहीही दोष नव्हता; जबाबदारी सर्वस्वी मोठ्यांची होती आणि आहे. भित्तिपत्रकाच्या आडोशाने ती जबाबदारी मुलांच्या खांद्यावर ढकलण्याचा प्रयत्न कोणी केला तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. तरीही ‘जाकिटाशिवाय बोटीत बसणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे मुलाला कोणीतरी सांगितलेले असावे. भित्तिपत्रकावर हे वाक्य लिहायला कितीशी जागा लागते?

त्या स्पर्धेचा निकाल सांगून टाकतो. पहिले बक्षीस मतदानाने गेले ते हेलिकॉप्टरच्या चित्राला. ते खरोखरच सुंदर होते. माझ्या आग्रहावरून एक अट घालण्यात आली की, भिंतीवर लावण्यापूर्वी त्यातील सर्पदंशाचा चौकोन झाकावा. मुख्याध्यापकांनी त्यावर पांढरा कागद चिकटवला आणि त्या मुलाला नवा मजकूर लिहायला दिला. त्याने तो घरी जाऊन पुन्हा मराठीत लिहून आणला, शेजारी हलू न देण्यासाठी फळीला बांधलेला पाय काढला. हिमवादळाच्या आई-बाळाच्या चित्राला उत्तेजनार्थ मिळाले, बँकेतील गृहस्थांच्या शिफारशीने, हे मुद्दाम नमूद करतो.

आपल्या मंडळापुढे माझी सूचना अशी आहे. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा भरल्या की, मंडळाच्या वतीने एक पानी तपासलेला मजकूर शहरातील मराठी शाळांना द्यावा. पूर, खाडीपूर, आग, उष्णतेची लाट, सर्पदंश आणि जुलाब, प्रत्येकी पाच-सहा वाक्ये. यापेक्षा जास्त नको, कारण आपण डॉक्टर एकदा लिहायला बसलो की थांबत नाही. बालरोगाचा भाग मी लिहून ठेवला आहे. विजेचा धक्का आणि भाजणे यांचा भाग शल्यचिकित्सक मित्रांनी पाहावा, लेप्टोस्पायरोसिसचा फिजिशियन मंडळींनी. गुजराती आणि हिंदी तर्जुमा आपल्यातीलच कोणी करू शकेल. परीक्षक म्हणून जाणाऱ्या सभासदाने हा कागद खिशात ठेवावा आणि गुण देण्याआधी मजकूर वाचावा.

आणखी एक काम आहे, त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. ज्या शाळांत २००६चे पाणी शिरले होते, तेथे ते किती उंच आले होते हे जुन्या शिपायांना आणि शेजाऱ्यांना ठाऊक आहे. त्या उंचीवर भिंतीवर एक निळी रेघ आखावी आणि शेजारी तारीख लिहावी. मुले तिच्याखाली उभी राहून आपली उंची मोजतील. रेघ डोक्याच्या किती वर आहे ते त्यांना कळेल. रंगाचा डबा मी देतो, शिडी शाळेची.